फळीवर वाढणारा स्टॅगहॉर्न नेचा

सह्याद्रीतल्या झाडांच्या खोडांवर पावसाळ्यात बाशिंग नावाचा नेचा (फर्न) हिरवागार होतो. ते बांडगूळ नव्हे. तो झाडाचा केवळ आधार घेतो आणि पावसाच्या पाण्यावर व अडकलेल्या पाचोळ्यावर पोसला जातो. रोपवाटिकेत मिळणारा स्टॅगहॉर्न, म्हणजे प्लॅटिसेरियम बायफर्केटम, हा मुख्यतः पूर्व ऑस्ट्रेलियातला नेचा याच रीतीने जगतो, म्हणून मातीने भरलेल्या कुंडीपेक्षा भिंतीवरची फळी त्याला अधिक मानवते.

रासायनिक लेप न दिलेली खडबडीत फळी घ्यावी, तिच्यावर भिजवून पिळलेल्या स्फॅग्नम मॉसचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या वाळवलेल्या शेवाळाचा, जाड थर द्यावा, त्यावर रोप ठेवून नायलॉनच्या दोऱ्याने बांधावे. बांधताना मधला कोंब, जिथून नवी पाने फुटतात, तो मॉसखाली मुळीच झाकला जाऊ नये. तळाशी असलेली ढालीसारखी पाने कालांतराने तपकिरी व कागदासारखी होतात. ती वाळली म्हणून तोडू नयेत, कारण मुळांना झाकून ओल धरण्याचे काम तीच करतात.

पाण्याच्या बाबतीत घाई हाच खरा धोका आहे. फळी उचलून पाहावी. ती हलकी लागली आणि मॉस बोटाला कोरडे जाणवले, की मगच ती पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवावी आणि पूर्ण निथळल्यावर पुन्हा टांगावी. कोरड्या उन्हाळ्यात ही वेळ लवकर येते, तर कोकणातल्या पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते, की बरेच दिवस थांबावे लागते. सतत ओल्या राहिलेल्या मॉसमध्ये कोंब काळा पडून कुजतो आणि असे रोप बहुधा वाचत नाही, म्हणून शंका असेल तेव्हा एक दिवस थांबलेले बरे.

पूर्वेकडच्या खिडकीजवळचा तेजस्वी पण सौम्य उजेड पुरतो. दुपारच्या उन्हाने पाने करपतात. वाढीच्या काळात महिन्यातून एकदा निम्म्या तीव्रतेचे द्रवरूप खत द्यावे. पानांवरची पांढुरकी लव धूळ समजून पुसू नये, कारण ती पानातील ओलावा टिकवते. शिंगांसारख्या पानांच्या टोकांना खालून दिसणारे तपकिरी, मखमली पट्टे बीजाणूंचे, म्हणजे ज्यांतून नवे नेचे उगवतात त्या सूक्ष्म कणांचे, असतात, रोगाचे नव्हेत. खवले कीड मात्र सुट्या, उचकटता येणाऱ्या टिपक्यांच्या रूपात दिसते आणि ती ओल्या कापसाने काढून टाकावी.