रेघेची जाडी बदलण्याआधी ती रेघ आहे का ते बघा

व्हेक्टर चित्रातली (म्हणजे ठिपक्यांऐवजी रेघा आणि आकारांनी बनलेल्या चित्रातली) रेघ जाड किंवा बारीक करायची म्हटलं की जो तो एकच सांगतो: स्ट्रोकच्या, म्हणजे रेघेचा रंग-जाडी ठरवणाऱ्या चौकटीतला आकडा बदला. त्यात चूक काही नाही, पण जिथे तेवढ्याने भागतं तिथे कुणाला विचारायची वेळच येत नाही. खोळंबा होतो तो आकडा बदलूनही रेघ ढिम्म राहते किंवा भलतीकडूनच फुगते तेव्हा, आणि नेमकं त्याबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून सोपं आधी उरकून टाकतो. उदाहरणं इंकस्केप आणि इलस्ट्रेटरची आहेत. तुमचं सॉफ्टवेअर वेगळं असेल तर मेनूतली नावं बदलतील, काम तेच.

पायरी १: आकडा

रेघ निवडा. इंकस्केपमध्ये कंट्रोल+शिफ्ट+एफ दाबून स्ट्रोक स्टाइलच्या टॅबवर जा, विड्थ बदला. इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल+एफ१०, मग वेट. शेजारचं एकक वाचल्याशिवाय आकडा टाकू नका: १ पॉइंट म्हणजे साधारण ०.३५ मिलिमीटर, आणि इंकस्केपचा १ पिक्सेल म्हणजे ०.७५ पॉइंट. झूम करून जाडी ठरवायची नाही.

पायरी २: ही रेघच आहे ना?

आता खरी अडचण. पडद्यावर रेघ दिसते म्हणून ती रेघ असेलच असं नाही. व्हेक्टरमध्ये खरी रेघ म्हणजे एकच पाथ (बिंदू जोडून आखलेली वाट) आणि त्यावर चढवलेला स्ट्रोक. जाडी हा त्या स्ट्रोकचा गुण. पण तशीच दिसणारी दुसरी एक चीज असते: लांबट, अरुंद, आतून रंग भरलेला आकार. त्याला जाडी नावाचा आकडाच नसतो. दोन कडा असतात आणि मध्ये फिल.

ओळखायला क्षणभर पुरतो. इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल+वाय, इंकस्केपमध्ये व्ह्यू मेनूतून डिस्प्ले मोड, मग आउटलाइन. रेघेच्या जागी एकच बारीक ओळ दिसली तर खरा स्ट्रोक आहे, पहिल्या पायरीवर काम संपलं. शेजारीशेजारी दोन ओळी धावताना दिसल्या तर तो आकार आहे. मग स्ट्रोकच्या चौकटीत काहीही टाका, तो स्ट्रोक आकाराच्या कडेने फिरणार. रंग वेगळा असेल तर एका रेघेच्या जागी कडा रंगवलेली पट्टी मिळेल, आणि लोक समजतात सॉफ्टवेअर बिघडलं.

असे आकार येतात कुठून? फोटो किंवा स्कॅन ट्रेस केला, म्हणजे सॉफ्टवेअरकडून गिरवून घेतला, की बहुतेक वेळा हेच हाती येतं. इंकस्केपचं कॅलिग्राफीचं पेन आणि इलस्ट्रेटरचा ब्लॉब ब्रश आकारच काढतात. आणि कुणीतरी फाइल पाठवण्याआधी ‘सुरक्षित’ म्हणून सगळे स्ट्रोक आउटलाइन करून, म्हणजे त्यांचे आकार बनवून ठेवलेले असतात. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्याचा मला मनापासून राग आहे. म्हणून पहिला उपाय कंटाळवाणा आहे: ज्याने फाइल दिली त्याच्याकडे मूळ फाइल मागा. निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

मूळ फाइल मिळतच नसेल, तर जाड करणं सोपं आहे. आकाराला फिलच्याच रंगाचा स्ट्रोक द्या. स्ट्रोक कडेच्या मधोमध बसतो, निम्मा आत आणि निम्मा बाहेर. आतला निम्मा फिलमध्ये लपतो, बाहेरचा निम्मा दोन्ही कडांना मिळतो. त्यामुळे हिशेब सरळ आहे: १ मिलिमीटरचा स्ट्रोक दिला की रेघ बरोबर १ मिलिमीटरने जाड होते. जॉइन, म्हणजे कोपऱ्यांची घडण, मात्र राउंड (गोल) ठेवा. मायटर (टोकदार) राहिला तर ट्रेसमधल्या खडबडीत कोपऱ्यांना काटे फुटतात. फिल अर्धपारदर्शक असेल तर हा उपाय विसरा, कारण आतला निम्मा भाग दुहेरी रंगून गडद पट्टा दिसतो.

बारीक करणं मात्र कठीण, आणि वाईट सल्ल्यांचा खरा सुकाळ इथेच आहे. ‘पार्श्वभूमीच्या रंगाचा स्ट्रोक लावा’ हा त्यातला सगळ्यात वाईट. पांढऱ्यावर दिसायला ठीक. मागे रंग किंवा दुसरं चित्र आलं की पांढरी किनार उघडी पडते, आणि कटिंगच्या मशीनला तर रंगाशी देणंघेणंच नसतं, ते मूळच्या जाड कडेवरूनच कापतं. आकार खरोखरच आत घ्यायला हवा. इंकस्केपमध्ये पाथ मेनूतला इनसेट. इलस्ट्रेटरमध्ये ऑब्जेक्ट, पाथ, ऑफसेट पाथ, आणि आकडा उणे.

दोन्हीकडे एकेक खोच आहे. इंकस्केपची इनसेट मुळात २ पिक्सेलच्या पावलाने चालते, आणि ती दोन्ही कडांवरून कापते. म्हणजे एका झटक्यात रेघ ४ पिक्सेलने रोडावते. ५ पिक्सेलच्या रेघेचा मग केस उरतो, ३ पिक्सेलची गायबच होते. प्रेफरन्सेसमध्ये स्टेप्सखाली ते पाऊल आधी लहान करा. इलस्ट्रेटर ऑफसेट केल्यावर मूळ आकार तसाच ठेवतो. नवा त्याच्याच रंगात त्याच्याच हद्दीत असल्यामुळे काही झालंच नाही असं वाटतं. मूळचा आकार हाताने काढून टाकावा लागतो.

त्यातून रेघेची टोकंही तेवढीच मागे सरकतात. जिथे दोन रेघा जेमतेम टेकलेल्या असतात तिथे फट पडते, आणि निमुळत्या जागी रेघ तुटून तिचे तुकडे होतात. थोडंसंच बारीक करायचं असेल तर इनसेट करून फटी बुजवाव्यात. जाडी निम्म्यावर आणायची असेल तर झटापट करू नका. जुनं चित्र खालच्या थरात लॉक करा आणि वर पेन टूलने, रेघेच्या मधोमध चालत, नव्याने काढा. चित्र साधं असेल तर हे दुरुस्तीपेक्षा लवकर होतं, आणि पुढच्या वेळी जाडी बदलायला खरा आकडा मिळतो. इंकस्केपच्या ट्रेस बिटमॅपमध्ये सेंटरलाइनचा, म्हणजे रेघेच्या मधोमध एकच पाथ काढण्याचा पर्याय आहे, चित्र पीएनजी करून तो वापरता येतो. पण रेघा एकमेकींना छेदतात तिथे तो अडखळतो. मी त्याचा उपयोग फक्त लांबलचक सुट्या रेघांसाठी करतो.

पायरी ३: लहानमोठं करताना

२४ पिक्सेलच्या आयकॉनची रेघ २ पिक्सेलची आहे. आयकॉन ९६ पिक्सेलचा केला तर रेघ ८ होईल की २ राहील? हे एका खुणेवर ठरतं. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेस, जनरल, स्केल स्ट्रोक्स अँड इफेक्ट्स. इंकस्केपमध्ये निवडीचं टूल हातात असताना वरच्या पट्टीत त्याचं बटण दिसतं. लोगो असेल तर चालू, नाहीतर लहान केल्यावर रेघांचा गोळा होतो. वेगवेगळ्या मापाचे आयकॉन एकाच जाडीत हवे असतील तर बंद.

पायरी ४: अनेक रेघा एकदम

सगळ्या निवडून एक आकडा टाकला तर जाड-बारीक हा फरकच पुसला जातो. इंकस्केपमध्ये एककाच्या यादीत टक्के निवडा आणि १५० टाका. प्रत्येक रेघ आपापल्या जाडीच्या दीडपट होते.

पायरी ५: टोकाला निमुळती रेघ

इलस्ट्रेटरमध्ये शिफ्ट+डब्ल्यूचं विड्थ टूल, इंकस्केपमध्ये पॉवरस्ट्रोक हा पाथ इफेक्ट.

पायरी ६: फाइल देताना

छपाईसाठी ०.२५ पॉइंटच्या खाली जाऊ नका. पडद्यावर दिसलेली रेघ कागदावर पुसट होते. गडद रंगावर पांढरी रेघ असेल तर त्याहून जाड ठेवा, शाई कडांवरून आत पसरते. समोरच्याने आउटलाइन केलेली फाइल मागितली तरच स्ट्रोक टू पाथ (स्ट्रोकचा आकार बनवणारा पर्याय) करा, तेही सेव्ह अॅज करून वेगळ्या नावाच्या प्रतीवर. मूळ फाइलच्या नावात ‘स्ट्रोकसह’ लिहून ठेवा.