प्रोग्रॅमिंगसाठी पहिलं लिनक्स निवडताना

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम डेबियन, उबुंटू, मिंट, फेडोरा, आर्च अशा अनेक प्रकारांत मिळते. पण आधी त्यातलं नाव ठरवू नका, आधी आपला लॅपटॉप ओळखा. रॅम किती आहे, वाय-फायची चिप कोणती आणि ग्राफिक्स कार्ड कोणतं, एवढं लिहून ठेवा. इंटेलची वाय-फाय चिप सहसा काही न करता चालते. ब्रॉडकॉमच्या काही चिपना वेगळा ड्रायव्हर (ते हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) घालावा लागतो, आणि एनव्हिडियाच्या कार्डांसाठीही बहुतेक जण तो घालतात. तुमचं काम आयफोनची अ‍ॅप्स बनवण्याचं असेल, तर इथेच थांबा. त्यासाठी लागणारं एक्सकोड फक्त मॅकवर चालतं.

दुसरी पायरी म्हणजे नवी आवृत्ती किती दिवसांनी येते ते पाहणं. माझ्या मते खरी निवड इथेच होते. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण २ वर्षांनी येते आणि मधल्या काळात तिच्यात मुख्यतः सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्याच होतात. उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्ती दर सम वर्षी एप्रिलमध्ये निघते (२४.०४ म्हणजे २०२४ चा चौथा महिना) आणि तिला ५ वर्षं मोफत अपडेट मिळतात. लिनक्स मिंटची मुख्य आवृत्ती याच एलटीएसवर उभी आहे. फेडोरा साधारण दर ६ महिन्यांनी नवी येते आणि एक आवृत्ती जेमतेम १३ महिने सांभाळली जाते. आर्चमध्ये तर आवृत्त्याच नाहीत, अपडेट सतत येत राहतात.

प्रोग्रॅमरला सगळं ताजं हवं, म्हणून पहिल्याच खेपेला आर्च घेणारे बरेच भेटतात. मला हे पटत नाही. हवी ती आवृत्ती घालणारी वेगळी साधनं असतात: रस्टसाठी रस्टअप, नोडसाठी एनव्हीएम, पायथॉनसाठी पायएन्व्ह. डेटाबेस कंटेनरमध्ये, म्हणजे सिस्टिमपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात, चालवता येतो. म्हणजे भाषांच्या नव्या आवृत्त्या सिस्टिमला हात न लावता मिळतात. मग खालची सिस्टिम वर्षभर जुनी असली तरी काय अडतं? काम द्यायच्या दिवशी अपडेटनंतर स्क्रीन काळी पडली तर मात्र नक्की अडतं.

म्हणून माझा सल्ला असा: विंडोजची सवय असेल तर मिंट, नाहीतर उबुंटू एलटीएस. लॅपटॉप अगदी नवा असेल आणि त्याला नवं कर्नेल (सिस्टिमचा गाभा) लागत असेल, तर फेडोरा. मिंट घेतलंत तर एक बारकावा लक्षात ठेवा. डॉकरसारख्या (कंटेनर चालवणाऱ्या) सॉफ्टवेअरची रिपॉझिटरी, म्हणजे ते जिथून उतरतं तो साठा, जोडताना मिंटच्या नव्हे, त्याखालच्या उबुंटूच्या आवृत्तीचं सांकेतिक नाव द्यावं लागतं. नवखे लोक इथे हमखास अडखळतात.

आता इन्स्टॉल न करता चालवून बघा. आयएसओ फाइल (लिनक्सची पूर्ण प्रत) उतरवा, तिचा शा-२५६ चेकसम (फाइल बिघडलेली नाही हे पडताळायचा आकडा) संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवा, आणि रुफस किंवा एचर या साधनाने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा रिकामाच घ्या. त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि वाय-फाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड, दुसरा मॉनिटर एकेक तपासा. झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडा. लॅपटॉप झोपेतून नीट जागा होतो का, हे बहुतेक जण तपासत नाहीत आणि पुढे रोज त्रास सोसतात. यातलं काही चाललं नाही, तर दुसरं लिनक्स त्याच पेनड्राइव्हवर घालून बघा. अर्धा दिवस जाईल, पण तो सत्कारणी लागेल.

सगळं जमलं की बॅकअप घ्या. विंडोज ठेवायचं असेल तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा, आणि विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा भाग) विंडोजमधूनच लहान करा. होमसाठी (तुमच्या फाइलींच्या फोल्डरसाठी) वेगळं पार्टिशन केलंत, तर उद्या लिनक्स बदलताना ते फॉरमॅट न करता फाइली जागच्या जागी ठेवता येतात.

इन्स्टॉल झाल्यावर गिट (कोडमधले बदल सांभाळणारं साधन) आणि कंपायलर सिस्टिमच्या पॅकेज मॅनेजरमधूनच (सॉफ्टवेअर घालणाऱ्या साधनातूनच) घ्या. सिस्टिमच्या पायथॉनमध्ये मात्र पिपने (पायथॉनची पॅकेजेस घालणाऱ्या साधनाने) काही घालू नका. सिस्टिमची स्वतःची काही साधनं त्याच पायथॉनवर चालतात, म्हणूनच डेबियन १२ आणि उबुंटू २४.०४ तिथे तुम्हाला अडवतात. तो अडथळा जबरदस्तीने ओलांडण्यापेक्षा प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रोजेक्टपुरती पायथॉनची स्वतंत्र जागा) करा.