शिक्षक जातीवरून बोलले, तर अर्ज कोणाच्या नावे?

निवृत्तीपर्यंत माझी बरीचशी नोकरी एका शिक्षण विभागाच्या आवक-जावक टेबलावर गेली. आता ऐरोलीत राहते. दिघ्याकडचे पालक अर्ज लिहून घ्यायला येतात. कोणाच्या मुलाला वर्गात जातीवरून टोमणा मारलेला असतो, तर कोणा नेपाळी वॉचमनच्या मुलीला बाईच डोळ्यांवरून 'चिनी' म्हणतात.

बहुतेकांनी पहिला अर्ज मुख्यमंत्र्यांना टाकलेला असतो, प्रत पंतप्रधानांना. असा अर्ज 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' असे शेरे गोळा करत खाली उतरतो आणि शेवटी त्याच शाळेच्या मुख्याध्यापकांकडे खुलाशाला येतो. म्हणून आधी एवढंच बघा, की या शिक्षकाला शिक्षा करण्याचा अधिकार कोणाकडे आहे.

महापालिकेची शाळा असेल तर अर्ज आयुक्तांच्या नावे, शिक्षणाधिकाऱ्यांना प्रत. नवी मुंबईचं मुख्यालय बेलापूरला, ठाण्याचं पाचपाखाडीत. शहापूर-मुरबाडकडची जिल्हा परिषदेची शाळा असेल तर मुख्य कार्यकारी अधिकारी; तिथल्या शिक्षकांना 1964 चे शिस्त व अपील नियम लागतात. खासगी अनुदानित शाळेत शिक्षेचा अधिकार संस्थेचा असतो, खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा कायदा आणि त्याखालच्या 1981 च्या नियमावलीप्रमाणे. तिथे अर्ज संस्थेच्या सचिवांना आणि प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना. शिक्षक ठोक मानधनावर असेल तर करारपत्रातल्या अटींनुसार कारवाई मागा.

आता अर्जात काय लिहायचं. 'माझ्या मुलाचा अपमान झाला' या वाक्यावर कोणी नोटीस काढू शकत नाही. तारीख, तास, इयत्ता-तुकडी, आणि शिक्षक नेमके जे बोलले ते शब्द अवतरणात लिहा. घाणेरडे असले तरी तसेच. पालकांना ते कागदावर उतरवायची लाज वाटते, पण तेच शब्द उद्या दोषारोपपत्रात जातात. कोणी ऐकलं तेही हवं. दुसऱ्या मुलांची नावं मात्र त्यांच्या आईवडिलांना विचारूनच घाला. मुलाकडून उत्तर पाठ करून घेऊ नका. चौकशीत ते लगेच कळतं.

मागणी साधी ठेवा: 'शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17 नुसार मानसिक छळाबद्दल सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई व्हावी.' या कलमाला मुलाची जात किंवा प्रांत लागत नाही, त्यामुळे त्या नेपाळी मुलीलाही ते तेवढंच लागू आहे. सोबत कलम 32 लिहा. त्याखाली स्थानिक प्राधिकरणाने, म्हणजे महापालिकेने किंवा जिल्हा परिषदेने, संबंधितांचं म्हणणं ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

शाळा व्यवस्थापन समितीलाही एक प्रत द्या. तिच्यात 75 टक्के सदस्य पालकच असतात. समिती शिक्षकाला शिक्षा करू शकत नाही, पण तिने इतिवृत्तात नोंद घेतली की 'आम्हाला काही माहीतच नव्हतं' म्हणायची सोय उरत नाही.

मूल अनुसूचित जाती-जमातीचं असेल आणि त्या समाजाबाहेरच्या शिक्षकाने चारचौघांत जातीवाचक शिवी दिली असेल, तर पोलीस ठाण्याची वाट वेगळी. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2018 मध्ये आलेल्या कलम 18अ मुळे गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशी लागत नाही. 'आधी शाळेचा अहवाल आणा' म्हणाले, तर हे कलम दाखवा. पोलीस तपास आणि विभागीय चौकशी दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

अर्ज हाती दिलात की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे उत्तर मीही पुष्कळ ऐकवलंय. पोच द्यायला साहेब लागत नाहीत.

पुढे बहुतेक वेळा तुम्हाला तोंडी कळेल, 'बदली केली.' बदली ही शिक्षा नव्हे. पुढच्या शाळेतही मुलंच असतात. ताकीद दिली, वेतनवाढ रोखली की चौकशी लावली, ते लेखी मागा. उत्तर आलं नाही तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विचारा. शिक्षकाची सगळी सेवापुस्तिका मागितलीत तर वैयक्तिक माहिती म्हणून नकार येईल. त्याऐवजी 'आवक क्रमांक अमुकच्या माझ्या अर्जावरील टिपणी आणि पाठवलेली पत्रं' एवढंच मागा. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते.