काठीच्या सावलीवरून ऋतुबदलाचे कारण कसे ओळखावे

सूर्य जवळ आला की उन्हाळा आणि लांब गेला की हिवाळा, हा समज पुष्कळांच्या मनात पक्का बसलेला असतो. प्रत्यक्षात जानेवारीच्या सुरुवातीला, आपल्याकडे ऐन थंडी असताना, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ (सुमारे १४.७ कोटी किलोमीटर) असते आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर (सुमारे १५.२ कोटी किलोमीटर). ऋतू बदलतात ते पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे, आणि हा कल गच्चीवर मोजता येतो.

सपाट गच्चीवर एक मीटर उंचीची काठी ओळंबा लावून अगदी सरळ उभी करावी. दुपारी बारा ते एक या वेळेत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी. सूर्याकडे थेट पाहण्याची गरज नाही आणि तसे कधीही पाहू नये. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी असल्यामुळे सावलीचे टोक सुमारे एक सेंटिमीटर धूसर दिसते, म्हणून त्या धूसर पट्ट्याचा मध्य धरावा. सर्वांत आखूड सावली हीच खऱ्या मध्यान्हीची सावली, आणि ती बरोबर उत्तर-दक्षिण असते. पुण्यात ही वेळ घड्याळातल्या बारा वाजता येत नाही. वर्षभरात ती साधारण १२.१८ ते १२.५० या दरम्यान सरकत राहते.

पुण्यात २२ डिसेंबरच्या सुमारास ही सावली सुमारे ९० सेंटिमीटर भरते आणि २१ मार्चला सुमारे ३३. आलेखाच्या कागदावर काठी आणि सावली प्रमाणात काढून टोके जोडावीत आणि काठीच्या टोकापाशी होणारा कोन कोनमापकाने मोजावा. डिसेंबरमध्ये तो ४२ अंशांच्या जवळ येतो, मार्चमध्ये साडेअठरा, जो पुण्याचा अक्षांशच आहे. या दोहोंतील फरक, सुमारे साडेतेवीस अंश, म्हणजे पृथ्वीच्या आसाचा कल. पाठ्यपुस्तकातला हा आकडा स्वतःच्या खडूच्या खुणांतून निघतो, याचे मोल मला फार वाटते.

डिसेंबरमध्ये किरण तिरपे पडून जास्त जागेवर पसरतात, त्यामुळे भर दुपारीसुद्धा जमिनीला डोक्यावरच्या उन्हाच्या जेमतेम पाऊणपट उष्णता मिळते. शिवाय तेव्हा दिवस अकरा तासांचा असतो, तर जूनमध्ये सव्वातेरा तासांचा.

मग पुण्यात जूनपेक्षा एप्रिल-मे जास्त का तापतात? मेच्या मध्यावर सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली नाहीशी होते, आणि नंतर जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला राहतो. पण जूनमध्ये मोसमी ढग आणि पाऊस येऊन हवा थंडावते. तेव्हा पारा उतरला तरी नोंदी थांबवू नयेत. २१ जूनच्या आसपास दुपारी ऊन पडलेच, तर जेमतेम नऊ सेंटिमीटरची सावली काठीच्या दक्षिणेला मोजायला मिळेल.