पान उलटायची घाई नको: मुलांच्या चित्रपुस्तकांबाबत या चुका टाळा

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या सोप्यात दर रविवारी सकाळी दहाला दोन ते सहा वर्षांची पोरं गोष्ट ऐकायला जमतात. अकरा वर्षं झाली. पोरं सतरंजीवर, मोठी माणसं मागे भिंतीला टेकून. या अकरा वर्षांत एखाद्या मुलानं चित्रपुस्तक चुकीचं वाचलेलं मी बघितलेलं नाही. चुकतात ती मोठी माणसं. जूनमध्ये नवीन आई-बाबा आले की त्याच चुका पुन्हा सुरू होतात, म्हणून एकदा लिहूनच काढते.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे नुसती अक्षरं वाचायची आणि पान उलटायचं.

पॅट हचिन्स या चित्रकर्तीचं 'रोझीज वॉक' नावाचं १९६८ सालचं इंग्रजी पुस्तक माझ्याकडे आहे. सगळे मिळून ३२ शब्द. रोझी कोंबडी फिरायला निघते, अंगण, तळं, गवताची गंजी, गिरणी असं करत जेवायच्या वेळेला घरी परत येते. शब्दांत एवढंच. चित्रांत मात्र सुरुवातीपासून तिच्या मागावर कोल्हा आहे, आणि त्याचं नावसुद्धा कुठं छापलेलं नाही. कधी दाताळ्यावर पाय पडून दांडा त्याच्या तोंडावर बसतो, कधी तो तळ्यात पडतो, कधी अंगावर पीठ सांडतं, शेवटी मधमाश्या मागे लागतात. कोंबडीला ह्यातलं काहीच कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी एक आई साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन पहिल्यांदाच आली होती. शिकलेली, हौशी. मी हे पुस्तक तिच्या हातात दिलं. तिनं मिनिटभरात वाचून मिटलं आणि म्हणाली, "काकू, ह्यात गोष्टच नाही ओ. एवढे पैसे देऊन बत्तीस शब्द?" मुलगा तर पुस्तक सोडेना. वाचताना ती पान उलटायला गेली की तो पंजा पानावर दाबून धरत होता आणि ती त्याचा हात बाजूला सारत होती. पोरगं रडकुंडीला आलेलं. मी म्हटलं, "बाळ, दे त्याच्याच हातात." त्यानं परत पहिल्या पानावर नेलं. कोल्ह्यावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाला, "ह्यो पडणाराय." पान उलटलं. पडला! पुढच्या पानावर पुन्हा बोट, पुन्हा तेच. गिरणीच्या चित्रात पिठाच्या पोत्याची दोरी रोझीच्या पायात अडकलेली आहे, तीसुद्धा त्यानंच आईला दाखवली. पुस्तक संपायला वीस मिनिटं लागली. ती आई आता एकही रविवार चुकवत नाही.

चित्रपुस्तकात एका जोडपानावर, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर, काहीतरी होणार असं दिसतं आणि ते होतं पुढच्या जोडपानावर. बहुतेक चित्रपुस्तकं ३२ पानांची असतात, कारण छपाईचा मोठा कागद घड्या घालून आठ किंवा सोळा पानांचा होतो, आणि ३२ त्याच्या पटीत बसतं. म्हणजे लेखकाला पानं उलटायच्या जेमतेम चौदा-पंधरा जागा मिळतात. त्यातली एकेक जागा विचार करून ठरवलेली असते. ती आपण थुंकी लावून भराभर उडवायची?

माझी सवय सांगते. पहिल्या फेरीला मी एक शब्दही वाचत नाही. सगळी पानं नुसती दाखवते, बोलायचं ते मुलांनी. वाचायचं दुसऱ्या फेरीला. आणि पान उलटायचा मान कायम मुलाचा. घाईच्या पालकांना मी सांगते, प्रत्येक जोडपानावर मनात वीसपर्यंत अंक म्हणा. पहिले दोन-तीन रविवार जड जातं, मग सवय होते.

ह्याच चुकीची बहीण म्हणजे परीक्षा घेणं. "हा कुठला कलर? मंकीचं स्पेलिंग सांग." गोष्ट चालू असताना असलं विचारू नका. मूल गोष्टीतून उठून जातं.

दुसरी चूक, जिची मला मनापासून चीड आहे, ती मुखपृष्ठावरचं मोठं नाव बघून पुस्तक घेण्याची. नट, गायक, खेळाडू यांनी लहान मुलांसाठी लिहिण्याची लाट जुनीच आहे. गायिका मॅडोनाचं पहिलं मुलांचं पुस्तक २००३ साली तीस भाषांत एकदम आलं होतं. आपल्याकडेही आता येतात. वाढदिवसाला तेच दिलं जातं, कारण देणाऱ्याला नाव ओळखीचं असतं. मीही एकदा अशी तीन पुस्तकं भारी किमतीला आणली होती. पोरं माझी पुस्तकं घरीही नेतात, त्या ने-आणीची नोंदवही माझ्याकडे आहे. दोन वर्षांत ती तीन मिळून चार वेळा घरी गेली, आणि चारही वेळा नेणारं मोठं माणूसच होतं. त्याच फळीवरचं नॅशनल बुक ट्रस्टच्या 'नेहरू बाल पुस्तकालय' मालेतलं एक पातळ पुस्तक इतक्या वेळा गेलं की कणा दोनदा शिवावा लागला.

त्या तिन्हींत दोष एकच होता. लेखकानं सगळं शब्दांतच सांगून टाकलेलं. मुलगी खूश झाली असं लिहिलंय आणि चित्रात खूश झालेली मुलगी. चित्रकाराला काही काम ठेवलेलंच नाही. वर शेवटच्या पानावर उपदेश.

सगळीच तशी नसतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. अभिनेत्री जेमी ली कर्टिस १९९३पासून मुलांसाठी लिहिते आणि तिनं वर्षानुवर्षं लॉरा कॉर्नेल या एकाच चित्रकर्तीबरोबर काम केलं. असं जोडीनं केलेलं काम पुस्तकात दिसतं. पण गायक पॉल मॅकार्टनीच्या २०१९च्या पुस्तकाची चित्रं कॅथरिन डर्स्टची आणि आलिया भट्टच्या २०२४च्या पुस्तकाची तन्वी भटची, हे घेणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं? ब्रिटनमध्ये सारा मॅकिंटायर या चित्रकर्तीला चित्रकाराचं नाव नीट छापा, नीट घ्या, म्हणून मोहीम चालवावी लागली. कोल्हापूरला आपण अभिमानानं कलापूर म्हणतो. इथं तरी आधी चित्रकाराचं नाव शोधलं पाहिजे.

दुकानात मी एकच करते. मधलं कुठलंही जोडपान उघडते आणि मजकुरावर हात ठेवते. उरलेल्या चित्रात बघण्यासारखं, विचारण्यासारखं काही असेल तर पुस्तक घेते. नसेल तर लिहिणारा कितीही मोठा असो, परत ठेवते.

बाकीच्या चुका थोडक्यात. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पातळ कागदाचं पुस्तक देऊ नका, जाड पुठ्ठ्याचं द्या, ते चावणारच. गोष्ट संपल्यावर "मग ह्यातून काय शिकलास?" असं विचारू नका. तेच पुस्तक चाळीसाव्यांदा मागितलं तर चाळीसाव्यांदा वाचा. घरात "कुठं चाललायस" म्हणत असाल तर गोष्टीतसुद्धा तसंच म्हणा, छापील मराठीचा सूर लावायची गरज नाही. पुस्तकं महाग म्हणून थांबू नका: प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५पासून मराठी चित्रगोष्टी फुकट आहेत आणि त्या छापूनही घेता येतात. मात्र छापूनच घ्या. मोबाईलवर मूल गोष्ट बघत नाही, पुढचा व्हिडिओ शोधतं.

आणि पुस्तकं शोकेसमध्ये ठेवू नका. आमच्या कोल्हापुरातलं करवीर नगर वाचन मंदिर हे ग्रंथालय १८५० सालचं आहे. पुस्तक हाताळायची एवढी जुनी सवय असलेल्या गावात पोरांची पुस्तकं काचेआड कुलपात बघितली की मला वाईट वाटतं. मुलाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी ठेवा. फाटतील. फाटल्यावर ओरडू नका आणि चिकटपट्टीही लावू नका, ती काही वर्षांत पिवळी पडून कागद खाते. गव्हाच्या पिठाची पातळ खळ, पतंगाच्या कागदाची पट्टी, आणि शेजारी ज्यानं फाडलं ते मूल. आमच्याकडे गोष्ट संपली की अर्धा तास हेच चालतं, आणि खळीची वाटी कुणी धरायची यावरून दर रविवारी भांडण होतं.