पाणीपुरवठा आणि ड्रेनेज योजनेचं मूल्यांकन: या चुका टाळा

पहिली चूक म्हणजे ताळेबंदातल्या आकड्यालाच किंमत मानणं. मूळ खर्चातून घसारा (वयाप्रमाणे दरवर्षी हिशेबात कमी केली जाणारी किंमत) वजा केला की खर्चातलं किती उरलं एवढंच कळतं. पुस्तकात शून्यावर आलेली वाहिनी आजही शहराला पाणी देत असते. म्हणून महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या चालू दरसूचीने ती नव्याने टाकायचा खर्च काढा आणि त्यातून झीज वजा करा. सोलापूरच्या काळ्या पाषाणातली खोदाई आणि फोडलेला रस्ता पूर्ववत करणं हे दोन्ही त्यात धरा. बहुतेक वेळा हेच राहून जातं.

झीज नुसत्या वयावरून ठरवू नका. सोलापुरात पाणी रोज येत नाही. वाहिनी भरते, रिकामी होते, आत हवा शिरते. ओल आणि हवा मिळून लोखंडाला गंज चढतो, आणि पाणी सोडताना दाबाचा धक्का सांध्यांवर बसतो. त्यामुळे फुटीची नोंदवही मागवा, दुरुस्तीत कापलेल्या तुकड्याचा आतला व्यास मोजा, भिंतीची जाडी अल्ट्रासोनिक गेजने तपासा. मलवाहिनीत मात्र वरची कमान पाहा. सांडपाण्यातल्या हायड्रोजन सल्फाइडपासून तिथे आम्ल तयार होतं आणि काँक्रीट वरून खाल्लं जातं. तळ धडधाकट दिसतो म्हणून फसू नका.

पंप चालू आहे म्हणजे त्याला पूर्ण किंमत आहे, असंही नाही. 1 घनमीटर पाणी 100 मीटर उचलायला, पंप-मोटर मिळून 75 टक्के कार्यक्षमतेवर, विजेची 0.36 युनिट लागतात. 55 टक्क्यांवर 0.50. रोज 1 कोटी लिटर उचललं तर फरक सुमारे 1,300 युनिटचा. 8 रुपये दर धरला तर वर्षाला 38 लाखांच्या आसपास. पंपाच्या उरलेल्या वर्षांतला हा जादा खर्च आजच्या किमतीत आणून वजा करायलाच हवा.

हेतू आधी लिहून घ्या. विम्यासाठी जमीन धरत नाहीत. पाणीपट्टी ठरवायची असेल तर अनुदानातून उभ्या राहिलेल्या भागावर परतावा (गुंतवणुकीवरचा नफा) लावू नका. तो पैसा लोकांनी एकदा दिलेलाच आहे.

उजनी धरणाचं पाणी हे शहरासाठी राखून ठेवलेलं आरक्षण आहे, महापालिकेची मालमत्ता नव्हे. ते पाकणी किंवा सोरेगावच्या शुद्धीकरण केंद्राच्या किमतीत मिसळू नका.