परदेशात ई-सिम वापरणार? या चुका नाशिकमध्येच टाळा

ई-सिम (कार्ड न घालता नेटवरून फोनमध्ये उतरवायचं सिम) घेऊनही परदेशात उतरल्यावर नेट चालत नाही, ही तक्रार हल्ली घरोघरी ऐकू येते. बहुतेक वेळा बिघाड तिकडचा नसतोच, तो निघण्याच्या आदल्या रात्रीच्या गडबडीतला असतो. आपल्याला विमानासाठी मुंबई गाठावी लागते, म्हणून "ई-सिम काय, गाडीत बसून टाकू" असं म्हणत बॅगा उचलल्या जातात. पण ई-सिमचं प्रोफाइल फोनमध्ये उतरवायला सलग, चांगलं नेट लागतं. कसारा घाटात रेंज येते-जाते आणि विमानतळावरच्या मोफत वाय-फायसाठी आधी ओटीपी भरत बसावं लागतं. हे काम घरच्या वाय-फायवर, शांतपणे, निदान दोन दिवस आधी उरकून घ्या.

त्याआधी फोन ई-सिम घेतो का ते बघा. *#०६# डायल करा. आयएमईआय म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकासोबत ईआयडी नावाचा ३२ आकडी नंबर दिसला, तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे. आयफोनमध्ये ती २०१८च्या एक्सएस आणि एक्सआरपासून आहे, मात्र चीनसाठी बनवलेल्या बऱ्याच आयफोनमध्ये नाही. एम.जी. रोडवरून जुना फोन घेताना हे आधी तपासा. मुलाने किंवा भाच्याने अमेरिकेतून आणलेला फोन तिथल्या कंपनीला लॉक केलेला असू शकतो. आयफोनच्या 'अबाउट'मध्ये कॅरिअर लॉकसमोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' लिहिलेलं नसेल, तर दुसऱ्या कंपनीचं ई-सिम त्यात चालणार नाही.

दोन सिम, दोन कामं

खरं घोडं इथे पेंड खातं. ई-सिम टाकलं म्हणजे आपलं जुनं सिम काढून ठेवायचं, असा अनेकांचा समज असतो. तसं करू नका. प्रवासी ई-सिम बहुतेक वेळा फक्त डेटाचं असतं, त्यावर कॉल किंवा एसएमएस येत नाहीत. बँकेचा ओटीपी आपल्या भारतीय नंबरवरच येणार. सिम काढलं तर यूपीआय अ‍ॅपही पुन्हा नोंदणी मागू शकतं. म्हणून भारतीय सिम फोनमध्येच राहू द्या. त्याची वैधता परत येईपर्यंत पुरते का ते बघा आणि आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा चालू आहे का, हे कंपनीला विचारून घ्या.

रोमिंगची सेवा आणि डेटा रोमिंग या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली ओटीपीसाठी हवी. दुसरी भारतीय सिमवर बंद आणि ई-सिमवर चालू हवी. नेमकं याच्या उलट केलं जातं. "रोमिंग म्हणजे भुर्दंड" हे मनात पक्कं बसलेलं असल्यामुळे लोक ई-सिमचंही डेटा रोमिंग बंद करतात आणि मग नेट येत नाही म्हणून हैराण होतात. ई-सिम देणारी कंपनी अनेकदा दुसऱ्याच देशातली असते, त्यामुळे तिच्या दृष्टीने तुम्ही रोमिंगवरच असता. तिथे हे बटण चालूच लागतं, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

आयफोनवाल्यांनी आणखी एक बटण बघावं. मोबाइल डेटाच्या पानावर डेटा स्विचिंगची सोय असते. ती चालू राहिली, तर ई-सिमची रेंज गेल्यावर फोन गुपचूप भारतीय सिमचा डेटा घेऊ शकतो. ती बंद करा. दोन्ही लाइनना 'घरचं' आणि 'प्रवास' अशी नावं दिली, तर ऐनवेळी गोंधळ होत नाही. वयस्कर आईबाबांना पाठवत असाल, तर सेटिंग त्यांच्या हातून करून घ्या. परक्या विमानतळावर हे सेटिंगचं पान त्यांना एकट्याने उघडायचं आहे.

आणि हो, प्लॅन फक्त अमेरिकेचा असेल तर वाटेत फ्रँकफर्टला विमान बदलताना तो चालणार नाही. तेव्हा घाबरून भारतीय सिमचा डेटा चालू केला जातो आणि तिथेच मोठं बिल होतं. मधल्या थांब्यावर विमानतळाचं वाय-फाय वापरायचं, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

देशांची यादी वाचा

फेब्रुवारीत बर्लिनला फ्रूट लॉजिस्टिका हे फळ-भाजी व्यापाराचं प्रदर्शन भरतं. द्राक्ष निर्यात करणारी आपल्याकडची मंडळी तिथे जातात, आणि बरेचजण पुढे रॉटरडॅम किंवा लंडनही करून येतात. 'युरोप'चा प्लॅन म्हटला की सगळं आलं, असं धरून चालू नका. स्वित्झर्लंड आणि ब्रिटन युरोपीय संघात नाहीत. काही प्लॅनमध्ये ते असतात, काहींत नसतात. वैधता कधी सुरू होते तेही बघा. काही प्लॅनचे दिवस ई-सिम फोनमध्ये टाकल्यापासून मोजले जातात, काहींचे तिकडच्या नेटवर्कला जोडल्यापासून. 'अनलिमिटेड'मध्ये बहुधा रोजची मर्यादा संपली की वेग रखडतो आणि काहींत हॉटस्पॉट चालत नाही. एका फोनवर चौघांचं नेट चालवायचं असेल, तर हे आधी विचारा.

विकत घेताना विक्रेता पारखून घ्या. परदेशी सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते. जानेवारी २०२४मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय ही ई-सिम विकणारी अ‍ॅप्स याच कारणावरून भारतातल्या अ‍ॅप स्टोअरमधून काढली गेली होती. परवानगी असलेला विक्रेता पासपोर्टची प्रत मागतो, त्याने बिचकू नका.

ई-सिम फोनमध्ये टाकण्यासाठी कंपनी क्यूआर कोड पाठवते, तो बहुधा एकदाच चालतो. तो ज्या फोनवर आला, त्याच फोनने स्कॅन कसा करायचा, असा प्रश्न हमखास पडतो. कागदावर छापून घ्या किंवा दुसऱ्या फोनवर उघडा. आयओएस १७.४पासून आयफोनवर कोडवर बोट दाबून धरलं तरी पर्याय येतो. हा कोड कुणालाही पाठवू नका. "तुमचं सिम ई-सिम करून देतो" असा फोन आला तर ठेवून द्या. नंबर दुसऱ्याच्या हातात गेला की तुमचे ओटीपीही त्याच्याकडे जातात. आपला भारतीय नंबर स्वतःहून ई-सिम करायचा असेल, तर तोही प्रवासाच्या तोंडावर नको. सिम बदललं की सुरक्षेसाठी २४ तास एसएमएस बंद राहतात.

उतरल्यावर नेट आलं नाही तर

ई-सिम डिलीट करू नका. पुन्हा टाकता येईलच असं नाही, बऱ्याचदा नवं घ्यावं लागतं. आधी एअरप्लेन मोड चालू-बंद करा. मग ई-सिमची लाइन चालू आहे का, मोबाइल डेटासाठी तीच निवडली आहे का आणि तिचं डेटा रोमिंग चालू आहे का, हे या क्रमाने बघा. तरीही नाही, तर कंपनीने पाठवलेल्या ईमेलमधला एपीएन (फोनला नेटशी जोडणारं सेटिंग) जसाच्या तसा भरा, म्हणून तो ईमेल स्क्रीनशॉट काढून जवळ ठेवा. नेटवर्कची आपोआप निवड बंद करून यादीतलं दुसरं नेटवर्क निवडलं की अनेकदा काम होतं, पण त्याला दोन-चार मिनिटं द्यावी लागतात. शेवटी फोन बंद करून चालू करा. अँड्रॉइडवर नेटवर्क रीसेट करताना ई-सिम पुसण्याचा पर्याय येतो, त्यावर टिक नको.

दुबईत व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जातात आणि कॉल मात्र लागत नाही, असं झालं तर ई-सिमला दोष देऊ नका. इंटरनेट कॉलवर तिथे निर्बंध आहेत. नंबर बदलायचा का, असं व्हॉट्सअ‍ॅपने विचारलं तर जुनाच ठेवा. फोटोंचा आपोआप बॅकअप फक्त वाय-फायवर ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशीच्या व्हिडिओंत निम्मा डेटा संपेल. क्रूझवर जाणार असाल तर जहाज किनारा सोडताच फोन एअरप्लेन मोडमध्ये टाका. समुद्रातलं उपग्रहाचं नेटवर्क फार महाग पडतं आणि साध्या प्लॅनमध्ये ते नसतं.